तुंब्याची ओळख

पोळा झाला, की आमच्या आष्टीच्या शिवारात फिरावेसे वाटते. आष्टी म्हणजे जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. आष्टी नावाचे गाव बीड जिल्ह्यात आहे, वर्धा जिल्ह्यातही आहे. म्हणून पत्ता आधीच नीट सांगितला. पत्ता अर्धा असला, की पत्र भलत्या गावी जाते. हे वाक्य ध्यानात ठेवा. पुढे कामाला येईल.

आमचा मुलूख कोरडा. जालना जिल्ह्यात वर्षाला सरासरी ६५० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि कित्येक वर्षी तोही दगा देतो. उन्हाळ्यात बांध उघडे पडतात. माळावर हिरवी काडी दिसत नाही. पण मृगाचा पाऊस पडला, की त्याच बांधावर कोंब फुटतात. श्रावण-भाद्रपदात बांधाच्या कडेला, पांदीच्या तोंडाशी, पडीक रानात एक झुडूप फुलते. उंची वीत-दीड वीत, फार तर हातभर. त्याच्या दांड्याला हिरवे गोळे धरतात, आणि त्या गोळ्यांतून पांढरी शुभ्र फुले डोकावतात. जणू हिरव्या लाडवाला कोणी ज्वारीच्या लाह्या टोचल्या आहेत.

हे झुडूप तुम्ही शंभर वेळा पाहिले असेल. खुरपताना उपटून टाकले असेल. लहानपणी त्याचे फूल ओढून आतला मधाचा थेंबही चोखला असेल.

आमच्या रात्रीच्या वर्गात एक मावशी येतात. एके दिवशी त्यांनी हे झुडूप मुळासकट उपटून आणले आणि आमच्यापुढे ठेवले. म्हणाल्या, "गुर्जी, आता आम्हाला अक्षरं वाचता येतात. ह्ये झाड वाचता येतं का?"

मागच्या रांगेतले एक भाऊ हसले. "त्यात वाचायचं काय, मावशे? तुंबा हाय त्यो."

दुसरे म्हणाले, "तुंबा कसला? कुंभा म्हणत्यात याला."

एक सूनबाई हळूच बोलल्या, "आमच्या माहेरी गुमा म्हणतात."

झाड एक, नावे तीन. वर्गात गलका झाला. आम्ही फळा पुसला आणि त्या रात्रीचा पाठ बदलला. तोच पाठ येथे देत आहोत.

नाव एक, वस्तू अनेक

आधी नावाची गंमत पाहू. तुंबा म्हणजे हे पांढऱ्या फुलाचे झुडूप. पण वाळवून पोकळ केलेल्या भोपळ्यालाही आपण तुंबाच म्हणतो. वीणेला तोच लावतात. कुंभा म्हणजे हेच झुडूप. पण सह्याद्रीच्या रानात कुंभा नावाचा मोठा वृक्ष आहे. त्याचा आणि याचा काही संबंध नाही. रानतुळस म्हणाल, तर त्या नावाने लोक दोन-तीन वेगवेगळी झुडपे दाखवतात.

आष्टी म्हटल्यावर जसे "कोणती आष्टी?" असे विचारावे लागते, तसेच झाडाचे आहे. नुसते नाव म्हणजे अर्धा पत्ता. कोणी म्हणाले, "तुंब्याचा पाला आण," आणि आपण भलताच पाला आणला, तर? भाजीत पडला तर पोट बिघडेल. औषध म्हणून पोटात गेला तर त्याहून वाईट होईल. म्हणून नाव ऐकून थांबू नये. खुणा पाहाव्यात.

झाडाची चार अक्षरे

'घर' आणि 'घार' या दोन शब्दांत एका कान्याचा फरक. पण एकात माणसे राहतात आणि दुसरी आभाळात उडते. आपण काना पाहतो, म्हणून चुकत नाही. झाडालाही अशी अक्षरे असतात. तुंब्याच्या कुळाची चार अक्षरे आहेत. ती शिकण्यासाठी रानात जायची गरज नाही. तुमच्या दारात तुळस आहे ना? ती तुंब्याच्या कुळातलीच आहे. एका हातात तुळशीची फांदी घ्या, दुसऱ्या हातात तुंब्याची. आता वाचू या.

पहिले अक्षर : चौकोनी दांडा. ज्वारीचे ताट गोल असते. कापसाची फांदीही गोल असते. तुळशीची कोवळी फांदी अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरून फिरवा. ती सरळ घरंगळत नाही. कडा बोटाला लागतात. मोजा, चार कडा भरतील. तुंब्याच्या दांड्यालाही तशाच चार कडा. हे डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळते. ज्यांची नजर मंद झाली आहे त्यांनाही ही खूण सापडते. मात्र दांडा कोवळा घ्यावा. जून खोड गोल होत जाते.

दुसरे अक्षर : समोरासमोर पाने. दांड्यावर एका जागी दोन पाने असतात. एक डावीकडे, एक उजवीकडे. त्यांच्या वरची जोडी पाहा. ती आडवी फिरलेली असते : एक पान आपल्याकडे, एक पलीकडे. पुन्हा वरची जोडी पहिलीसारखी. वरून पाहिले, तर पानांची फुली दिसते. अशी रचना असली, की वरच्या पानांची सावली खालच्या पानांवर कमी पडते. प्रत्येकाला ऊन मिळते.

तिसरे अक्षर : ओठाचे फूल. जास्वंदाचे फूल सगळीकडून सारखे असते. तुंब्याचे तसे नसते. त्याला तोंड असते. वर एक ओठ, खाली एक ओठ. वरचा ओठ टोपीसारखा वाकलेला असतो आणि त्यावर पांढरी दाट लव असते. खालचा ओठ मोठा, पुढे आलेला. त्याचे तीन भाग असतात, आणि मधला भाग सर्वांत रुंद. फूल हातात घ्या आणि वरची टोपी नखाने हळूच उचला. आत चार बारीक तंतू दिसतील. दोन लांब, दोन आखूड. हे पुंकेसर. यांच्यावर पराग असतात. तुळशीचे फूल फारच बारीक, पण त्यालाही दोन ओठ आहेत. उजेडात धरून पाहा.

चौथे अक्षर : उघड्या पेल्यात चार बिया. फूल गळून पडले, की मागे हिरवा पेला राहतो. तुंब्याच्या पेल्याच्या काठावर बारीक दाते असतात. पेला वाळला, की तो तळहातावर उपडा करून झटका. बारीक तपकिरी बिया पडतील. एका पेल्यात चार. कधी एखादी बी भरत नाही आणि तीनच मिळतात. पण चारापेक्षा जास्त कधी नाहीत. तुळशीची वाळलेली मंजिरी चोळली, की असेच होते. एका पेल्यात चारच्या वर बी नाही.

चारही अक्षरे जुळली पाहिजेत

येथे घाई करणारा माणूस फसतो. तिळाचे झाड आठवा. त्याचा कोवळा दांडा चौकोनी असतो. खालची पाने समोरासमोर असतात. फुलालाही ओठ आहेत. मग तीळ तुळशीच्या कुळातला का? नाही. तिळाला बोंड येते, आणि त्या बोंडात किती तरी तीळ भरलेले असतात. चौथे अक्षर जुळले नाही. शब्द वेगळा झाला.

अडुळसा घ्या. पाने समोरासमोर, फूल पांढरे, दोन ओठांचे. पण त्याला बंद बोंड येते आणि वाळल्यावर ते तडकते. उघड्या पेल्यात मोकळ्या बिया नाहीत. म्हणून अडुळसाही या कुळातला नाही.

वास ही खूण कोणी धरू नये. तुळस, सब्जा, पुदिना यांचा वास हाताला लागतो, आणि तिघेही या कुळातले आहेत. तुंब्याला तसा घमघमाट येत नाही. तरी तोही याच कुळातला. वास आला म्हणून घ्यायचे आणि नाही आला म्हणून सोडायचे, असे केल्यास फसाल.

फुलाच्या रंगावरही जाऊ नये. गाजर गवताची फुले पांढरीच असतात. हे परके गवत पुण्यात १९५५ च्या सुमारास दिसले आणि मग देशभर पसरले. त्याची पाने गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली असतात. त्याने पुष्कळांच्या अंगाला खाज सुटते. नुसता पांढरा रंग पाहून हात घातला, तर हेच हाती यायचे.

गाव सापडले, आता घर शोधू

चार अक्षरे जुळली, म्हणजे कुळ कळले. हे पत्त्यातले गाव झाले. आता त्या गावात तुंब्याचे घर कोणते, ते पाहू. आपल्या शिवारात या कुळातली चार झुडपे जवळजवळ दिसतात.

एक, तुंबा. झुडूप लहान, बुडापासून फांद्या फुटलेल्या. पाने अरुंद, बोटाएवढी लांब, टोकाला बोथट. देठ जवळजवळ नाहीच. अंगावर राठ लव, म्हणून हाताला खरखरीत लागते. फुलांचे गोळे मोठ्या बोराएवढे. ते शेंड्याला असतात, आणि खाली पानांच्या जोडीपाशीही असतात.

दोन, देवकुंभा. हा तुंब्याचा सख्खा भाऊ. पण अंगाने थोराड. पाने रुंद, देठाची, कडेला दाते असलेली. शेंड्याला फुलांचा एक मोठा गोळा येतो, लिंबाएवढा. गोळ्यात फुलांच्या मधूनमधून केसाळ हिरवी पाने दाटीने असतात. तुंबा आणि देवकुंभा या दोघांनाही पुस्तकात द्रोणपुष्पी म्हणतात. फूल पानाच्या द्रोणासारखे दिसते, म्हणून हे नाव.

तीन, दीपमाळ. ही पुरुषभर वाढते. उंच सरळ दांड्यावर एकावर एक काटेरी गोळे, जसे देवळापुढच्या दीपमाळेचे मजले. फुले नारिंगी. ही मूळची आफ्रिकेतली.

चार, विलायती रानतुळस. हीसुद्धा पुरुषभर वाढते. पाने रुंद, केसाळ, वास उग्र. फुले बारीक, निळसर जांभळी. ही मूळची अमेरिकेतली. ती जेथे पसरते तेथे दाट होते आणि आपल्या गावरान झुडपांना जागा उरत नाही.

म्हणजे पाहा. चौघांचा दांडा चौकोनी, चौघांची पाने समोरासमोर. पण तुंबा आणि देवकुंभा इथले, मूळ रहिवासी. बाकीचे दोघे बाहेरून आलेले. वाचता आले, की हा फरक दिसतो. नाही तर सगळेच तण.

शास्त्रज्ञांनी या घोटाळ्यावर एक उपाय काढला. त्यांनी प्रत्येक झाडाला दोन शब्दांचे एक नाव दिले. ते साऱ्या जगात एकच. तुंब्याचे नाव ल्युकस आस्पेरा. देवकुंभ्याचे ल्युकस सेफॅलोटस. ल्युकस हे घराण्याचे नाव रॉबर्ट ब्राऊन नावाच्या शास्त्रज्ञाने १८१० साली दिले. ग्रीक भाषेत ल्युकस म्हणजे पांढरा. आस्पेरा म्हणजे खरखरीत. सेफॅलोटस म्हणजे डोकेवाला, मोठ्या गोळ्याचा. नाव विलायती, पण त्यात खुणाच सांगितल्या आहेत. पांढरा खरखरीत आणि पांढरा डोकेवाला! आपल्या भागातल्या वनस्पतींची अशी नावनिशीवार नोंद प्राध्यापक व्ही. एन. नाईक यांनी केली. मराठवाड्यातील वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ औरंगाबादहून १९९८ साली निघाला. त्या शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे.

कोरड्या रानात तो कसा जगतो

तुंब्याला कोणी पाणी देत नाही. मग तो टिकतो कसा? त्याचे गणित सोपे आहे. पाऊस आहे तोवर जगायचे, आणि ओल सरण्याआधी बी टाकून मोकळे व्हायचे. झुडूप वाळते, पण बी मातीत वाट पाहत पडून राहते. पुढच्या मृगात पुन्हा उगवते. पाने अरुंद, म्हणून ऊन कमी लागते. अंगावर लव, म्हणून पाणी कमी उडून जाते. कोरडवाहू शेतकरी जसा हात राखून खर्च करतो, तसे हे झुडूप ओल राखून खर्च करते.

आता त्याच्या ओठाचे काम पाहा. सकाळी बांधावर पाच मिनिटे शांत बसा. मधमाशी येते आणि खालच्या ओठावर उतरते. तो तिचा ओटा. मध आत, तळाशी. ती डोके आत घालते, तेव्हा वरच्या टोपीतले पुंकेसर तिच्या पाठीला घासतात. पराग पाठीवर बसतात. ती दुसऱ्या फुलावर जाते आणि तेथे ते पराग लागतात. बी धरते. माशीला मध मिळाला, झाडाला बी मिळाले. उधारी नाही, रोखीचा व्यवहार.

याच माश्या आपल्या काकडीवर, भोपळ्यावर, कारळावर, सूर्यफुलावर जातात. त्या पिकांची फुले संपली, की माश्यांना खायला बांधावरची रानफुले लागतात. म्हणून आमचे सांगणे असे आहे : पिकात तण नको, ते खुरपून काढा. पण बांधावरचा तुंबा विनाकारण उपटू नका. बांधावर तणनाशक मारण्याआधी एकदा खाली वाकून पाहा, तेथे काय फुलले आहे.

मावशींनी विचारलेच, "गुर्जी, मग ह्याचा उपेग काय?"

उपयोग आहे. तुंब्याच्या कोवळ्या पानांची भाजी काही घरी करतात. पान नीट ओळखूनच घ्यावे, आणि फवारलेल्या रानातले घेऊ नये. हे फूल महादेवाला वाहतात. वैद्यांच्या पुस्तकांतही द्रोणपुष्पीचे नाव आहे. पण औषधाची गोष्ट निघाली, की आम्हाला एक रात्र आठवते. ती सांगितल्याशिवाय हा पाठ पुरा होणार नाही.

ती रात्र

१९८४ सालची गोष्ट. भाद्रपद महिना. आम्ही तेव्हा तरुण मास्तर होतो, आणि नोकरीच्या गावी राहत होतो. मध्यरात्री दार वाजले. शेजारच्या वस्तीवरचा एक सालदार शेतातल्या खोपीत जमिनीवर झोपला होता. त्याला साप चावला. मण्यार होती. चावल्याची खूण मुंगी चावल्याएवढी, दुखणेही फारसे नाही. माणूस बोलत होता, बसला होता.

एक म्हातारे आजा म्हणाले, "तुंब्याचा रस नाकात घाला. विष उतरतं."

सगळे आमच्याकडे पाहू लागले. मास्तर शिकलेला माणूस, त्याला झाड ओळखता येईल. आम्ही कंदील घेतला आणि रानात निघालो. अंधार, चिखल, वर भुरभुर पाऊस. एक झुडूप उपटले, बोटांत दांडा फिरवला. गोल लागला. टाकून दिला. दुसरे पाहिले. शेवटी तुंबा सापडला. चौकोनी दांडा, अरुंद पाने, पांढरी फुले. अगदी बरोबर तुंबा. आम्ही धावत आणला. पाला ठेचून रस काढला आणि त्याच्या नाकात घातला.

या सगळ्यात दीड-दोन तास गेले. तोवर त्याच्या पापण्या जड झाल्या. बोलणे अडखळू लागले. थुंकी गिळता येईना. मग बैलगाडी जुंपली. तालुक्याचा दवाखाना लांब. वाटेतच श्वास थांबला. घरी बायको आणि दोन लेकरे होती.

आम्ही झाड ओळखण्यात चुकलो नव्हतो. झाड बरोबर होते. भरवसा चुकीचा होता. ते दीड-दोन तास दवाखान्याच्या वाटेवर गेले असते, तर तो माणूस वाचण्याची आशा होती. आज चाळीस वर्षे झाली. तुंब्याचे पांढरे फूल पाहिले, की आम्हाला तो कंदील आठवतो.

लोकांचा विश्वास का बसतो

आजा खोटे बोलले नव्हते. त्यांनी तुंब्याचा रस दिलेली माणसे बरी झालेली पाहिली होती. असे कसे? याचे कारण समजून घ्या. आपल्या भागातले पुष्कळ साप बिनविषारी आहेत. धामण, पाणदिवड, कवड्या हे चावले तरी माणूस मरत नाही. विषारी सापही कधी कधी चावतो, पण विष सोडत नाही. अशा वेळी तुंबा दिला तरी माणूस जगतो आणि न दिला तरी जगतो. नाव मात्र तुंब्याचे होते. आणि खरे विष भिनलेले असते तेव्हा माणूस जातो. मग आपण म्हणतो, "त्याचे भरले होते."

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार साप आपल्याकडे सर्वाधिक जीव घेतात. यांच्या विषावर तुंब्याचा रस उतारा ठरल्याचे सिद्ध झालेले नाही. उतारा एकच : सर्पविषावरचे इंजेक्शन. ते असे तयार होते. घोड्याला विषाचे अगदी थोडे थोडे डोस देतात. घोड्याच्या रक्तात विषाशी लढणारे द्रव्य तयार होते. ते काढून, शुद्ध करून माणसाला देतात. मुंबईची हाफकिन संस्था १८९९ साली प्लेगच्या संशोधनासाठी निघाली. तेथे हे औषध पुष्कळ वर्षे तयार होत आले आहे. सरकारी दवाखान्यात ते विनामूल्य मिळते. श्वास बंद पडू लागला, तर मोठ्या दवाखान्यात यंत्राने श्वास देता येतो.

हे दुखणे किती मोठे आहे? शास्त्रज्ञांच्या एका पाहणीनुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतले बहुतेक खेड्यांतले, आणि निम्मे जून ते सप्टेंबरमध्ये गेले. तुंबा फुलतो त्याच दिवसांत. २०२४ साली भारत सरकारने राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणायचे, असे त्यात ठरले आहे.

विंचवाचेही तसेच. विंचू चावला तरी तुंब्याचा पाला चोळतात. आपल्याच जिल्ह्यातल्या, भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात महाड येथे लाल विंचवाच्या दंशाचा अभ्यास केला. रोग्याच्या उशाशी बसून त्यांनी एकेक खूण टिपली. विष हृदयावर घाला घालते हे ओळखले, आणि प्राझोसिन नावाच्या गोळीने कैक जीव वाचवले. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. नीट पाहणे, टिपणे आणि पडताळणे म्हणजे काय, ते या आपल्या माणसाकडून शिकावे.

साप चावला तर

घाबरवू नका. माणसाला निजवा, धीर द्या. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका. अंगठी, जोडवी, कडे, घड्याळ काढा, कारण सूज येते. आवळून बांधू नका. कापू नका, चोखू नका. पाला, रस, दारू काही देऊ नका. साप मारण्यात किंवा शोधण्यात वेळ घालवू नका. १०८ वर फोन करा. गाडी यायला उशीर असेल, तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून निघा. दंश झाला ती वेळ कागदावर लिहा. आता तुम्हाला लिहिता येते! ती चिठ्ठी डॉक्टरांना द्या.

आणि दंशच होऊ नये म्हणून : पावसाळ्यात जमिनीवर झोपू नका. बाजेवर झोपा, मच्छरदाणी खोचून घ्या. रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका.

शेवटचा शब्द

मावशींनी विचारले होते, झाड वाचता येते का? येते. चार अक्षरांनी कुळ कळते, आणखी दोन खुणांनी घर कळते. पण पत्ता वाचता आला, म्हणजे त्या घरात आपल्याला हवी ती वस्तू मिळेलच, असे नाही. तुंब्याकडे मध आहे, भाजी आहे, महादेवाचे फूल आहे. सर्पविषावर उतारा त्याच्याकडे नाही. त्याच्याकडे जे आहे ते घ्यावे. जे नाही ते मागू नये. झाड ओळखणे हे एक ज्ञान, आणि त्याचा गुण पडताळणे हे दुसरे. दोन्ही मिळून माणूस शहाणा होतो.

अभ्यास

१. तुळशीची कोवळी फांदी आणि कापसाची फांदी बोटांत फिरवून पाहा. काय फरक लागतो?

२. तुळशीच्या वाळलेल्या दहा पेल्यांतल्या बिया मोजा. प्रत्येकात किती निघाल्या, ते पाटीवर लिहा.

३. तिळाच्या कोणत्या खुणा तुंब्याशी जुळतात? कोणती जुळत नाही?

४. तुंबा आणि देवकुंभा यांतला फरक दोन वाक्यांत लिहा.

५. बांधावर बसून तुंब्याच्या एका झुडपावर पाच मिनिटांत किती माश्या येतात, ते मोजा.

६. तुमच्या घरी तुंब्याला काय म्हणतात? माहेरी, सासरी, आजोळी विचारा. सगळी नावे लिहून वर्गात आणा.

७. कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा : "साप चावला तर १०८." तो कागद घराच्या दाराआड चिकटवा. घरातल्या लहानथोरांना वाचून दाखवा.